मृत्युपत्राला पडद्यावरचा साक्षीदार चालतो का?

गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमांत निदान चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मृत्युपत्रावर सही करताना साक्षीदार व्हिडिओवर असले तर चालतं ना? कोविडमध्ये चालत होतं म्हणे." मी वकील नाही. तीस वर्षे हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. परंतु या एका प्रश्नाचे उत्तर मला पक्के ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः चूक करून शिकलो. संपादकांना हे बोलता बोलता सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

उत्तर आधीच सांगून टाकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये व्हिडिओवरून साक्ष देण्याची सवलत ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली. त्यानंतर केलेल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार प्रत्यक्ष समोर लागतात, आणि सही कागदावर शाईनेच लागते. हे एवढेच लक्षात ठेवून पान उलटले तरी माझी तक्रार नाही. परंतु यात काय पणाला लागते हे कळावे म्हणून आमच्या बाबतीत काय झाले ते सांगतो.

आमची चूक

ऑक्टोबर २०२० मध्ये मिल्टन कीन्सच्या आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी मृत्युपत्र केले. त्यांना हृदयविकार होता, त्यामुळे त्या दिवसांत ते कोणालाही घरी येऊ देत नसत. त्यांच्या सॉलिसिटरने सर्व काही व्हिडिओवरून जुळवून आणले. मी आणि माझी पत्नी हॅरोला आमच्या घरी संगणकासमोर बसलो. स्नेह्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला, आम्हांला दिसेल अशी सही केली. दोन दिवसांनी तोच कागद आमच्याकडे आला. पुन्हा व्हिडिओ सुरू झाला आणि ते पाहत असताना आम्ही दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. २०२२ मध्ये ते गेले. प्रोबेट बिनतक्रार मिळाले.

वहिनींनी मात्र त्या वेळी स्वतःचे मृत्युपत्र केले नव्हते. "माझं नंतर बघू," म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नाही. घरात त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षे त्यांच्या नणंदबाई राहत होत्या. त्या नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, अविवाहित. वहिनी त्यांना ‘वन्सं’ म्हणत, म्हणून आम्ही सगळेच त्यांना वन्सं म्हणू लागलो. वहिनींना एक सख्खा भाऊ, नागपूरला. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे बंद झाले, त्यालाही पुष्कळ वर्षे झाली होती.

मार्च २०२४ मध्ये वहिनींचा फोन आला. पाय घसरून पडल्यामुळे त्या महिनाभर अंथरुणावर होत्या, आणि आता त्यांनी मृत्युपत्र मनावर घेतले होते. घर वन्संना, बँकेतील थोडी रक्कम भावाला, आणि मोत्याच्या कुड्या माझ्या पत्नीला, असे त्यांनी छापील नमुन्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते. "तुम्हांला ठाऊकच आहे कसं करायचं. मागच्यासारखंच करू. एवढ्या लांब येऊ नका. आणि शेजाऱ्यांना आपल्या घरच्या गोष्टी कशाला?" आम्ही व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावला. त्यांनी सही केली, कागद टपालाने आला, आम्ही पुन्हा व्हिडिओ लावून सह्या केल्या आणि कागद परत पाठवला. काम नीटनेटके झाल्याचे समाधानही वाटले.

जून महिन्यात मंडळात एका तरुण सॉलिसिटरबाईंचे व्याख्यान होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ती सवलत आता राहिलेली नाही. जानेवारी अखेरीस संपली." माझ्या पोटात गोळा आला. आमच्या सह्या त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी झाल्या होत्या. म्हणजे वहिनींनी मृत्युपत्र केलेलेच नव्हते. त्यांच्या कपाटात तीन महिने एक निरुपयोगी कागद जपून ठेवलेला होता.

मृत्युपत्र नसेल तर

त्या तीन महिन्यांत वहिनींचे काही बरेवाईट झाले असते तर काय झाले असते, हे मी घरी आल्यावर शोधून काढले. मृत्युपत्र नसेल किंवा ते रद्दबातल ठरले, तर इंग्लंड-वेल्समध्ये मालमत्तेची वाटणी कायद्याने ठरवून दिलेल्या क्रमाने होते. पती किंवा पत्नी आणि मुले असतील तर जोडीदाराला घरातील वैयक्तिक वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड (हा आकडा २६ जुलै २०२३ पासूनचा) आणि उरलेल्यातील अर्धा भाग मिळतो. बाकीचा अर्धा मुलांना. जोडीदार आणि मुले दोन्ही नसतील तर आईवडील, तेही नसतील तर सख्खी भावंडे.

या यादीत नणंद नाही. भावजय, जाऊ, सून, जावई नाही. लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदारही नाही, मग सोबत कितीही वर्षांची असो. आपल्याकडे घर म्हणजे ज्या माणसांचे असते, त्यांतील निम्मी माणसे या कायद्याच्या दृष्टीने परकी. वहिनींचे सर्व काही नागपूरच्या भावाला गेले असते. पंचवीस वर्षे त्या घरात राहिलेल्या वन्संना फार तर १९७५ च्या कायद्याखाली, आपण वहिनींवर अवलंबून होतो असे दाखवून न्यायालयात दावा लावावा लागला असता. तोही वारसाधिकार मंजूर झाल्यापासून साधारणतः सहा महिन्यांच्या आत. सत्तरी ओलांडलेल्या बाईने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, त्याही आमच्या निष्काळजीपणामुळे!

१८३७ चा कायदा

आजही येथे मृत्युपत्राला लागू असलेला मूळ कायदा १८३७ सालचा आहे. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरिया गादीवर आली, आणि आपल्याकडे पेशवाई बुडून जेमतेम एकोणीस वर्षे झाली होती. अधूनमधून त्यात दुरुस्त्या झाल्या. त्यांतील महत्त्वाची १९८२ ची. या कायद्याच्या नवव्या कलमातील अटी साध्या भाषेत अशा:

१. मृत्युपत्र लेखी हवे. हाताने लिहिलेले, टाइप केलेले, संगणकावर करून छापलेले, कसेही चालते. मराठीत लिहिलेलेही चालते. मात्र प्रोबेटच्या वेळी त्याचे इंग्रजी भाषांतर द्यावे लागते.

२. करणाऱ्याने त्यावर सही करावी. हात चालत नसेल तर त्याच्या सांगण्यावरून, त्याच्यासमोर दुसऱ्याने केली तरी चालते.

३. ही सही दोन साक्षीदार एकाच वेळी हजर असताना व्हावी. आधीच केलेली असेल तर "ही माझी सही" असे दोघांसमोर एकाच वेळी सांगावे.

४. त्यानंतर प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करावी.

पंधराव्या कलमाची अट निराळी, पण तितकीच महत्त्वाची. साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या पती-पत्नीला मृत्युपत्रात काही ठेवले असेल, तर मृत्युपत्र टिकते पण ती देणगी बुडते. म्हणजे आमच्या त्या कागदात दुसरी चूकही होती. समजा व्हिडिओ चालला असता, तरी माझ्या पत्नीला ठेवलेल्या कुड्या तिच्याच सहीमुळे तिला मिळाल्या नसत्या.

‘समक्ष’ म्हणजे नेमके काय?

सगळा वाद या एका शब्दाभोवती आहे, आणि तो कोविडच्या फार आधीपासूनचा आहे. १७८१ सालचा एक खटला वकील मंडळी अजून सांगतात. एक दम्याची बाई मृत्युपत्र करायला वकिलाच्या कचेरीत गेली. सही झाल्यावर आतल्या उकाड्याने तिला गुदमरू लागले, म्हणून ती बाहेर आपल्या घोडागाडीत जाऊन बसली. साक्षीदार आत सह्या करत असताना गाडी नेमकी मागे सरकून कचेरीच्या खिडकीसमोर आली, आणि आतले दिसू शकेल अशी तिची जागा झाली. तेवढ्यावर न्यायालयाने ते मृत्युपत्र ग्राह्य धरले. उलट १९४९ मध्ये न्यायालयाने ठरवले की अंध व्यक्ती मृत्युपत्राची साक्षीदार होऊ शकत नाही, कारण तिला सही होताना दिसत नाही. सारांश, ‘समक्ष’ म्हणजे डोळ्यांना दिसेल असे, आणि अडथळा न येता दिसेल असे.

या जुन्या निकालांचा कोविडमध्ये खरोखर उपयोग झाला. साक्षीदार खिडकीबाहेर किंवा बागेत उभे राहून सही होताना पाहत आणि मग कागद बाहेर देत. अशी मृत्युपत्रे कायद्याने मुळातच वैध होती आणि आजही आहेत. त्यांना कुठल्या सवलतीची गरज नाही.

चार वर्षांची सवलत

परंतु ज्यांच्या घराशी कोणी जाऊच शकत नव्हते, त्यांचे काय? जुलै २०२० मध्ये सरकारने जाहीर केले की व्हिडिओवरील हजेरीही ‘समक्ष’ मानली जाईल. तसा आदेश २८ सप्टेंबर २०२० पासून अमलात आला आणि मागील तारखेने, म्हणजे या देशात कोविडचे पहिले रुग्ण निश्चित झाले त्या ३१ जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याची मुदत आधी ३१ जानेवारी २०२२ पर्यंत होती. ती दोन वर्षांनी वाढवली गेली आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली.

त्या काळातही सगळे मोकळे रान नव्हते. व्हिडिओ थेट चालू असावा लागे, आधी चित्रित केलेला चालत नसे. सही संगणकावरची नव्हे, शाईचीच लागे. प्रत्येकाने वेगवेगळ्या प्रतीवर सही करून भागत नसे. एकच कागद सगळीकडे फिरवावा लागे. शिवाय शेवटच्या साक्षीदाराची सही होईपर्यंत मृत्युपत्र पुरे होत नसे. कागद टपालात असताना माणूस गेला तर सारे व्यर्थ. म्हणून शक्य असेल तेथे प्रत्यक्षच सह्या करा, व्हिडिओ हा शेवटचा उपाय समजा, असे सरकारी मार्गदर्शनात तेव्हाही सांगितले होते. आम्ही मात्र सोय झाली म्हणून नाइलाजाच्या उपायाला नेहमीची रीत समजून बसलो.

ही सवलत इंग्लंड आणि वेल्सपुरती होती. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, आणि तेथेही दोन साक्षीदार लागतात. स्कॉटलंडमधील वाचकांनी तर या लेखावर विसंबूच नये. तेथे एका साक्षीदाराने भागते, प्रत्येक पानावर सही करावी लागते, आणि जोडीदाराचा व मुलांचा जंगम मालमत्तेतील हक्क मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

संगणकातले मृत्युपत्र

दुसरा प्रश्न तरुण मंडळींचा. "काका, घराचे कागद, बँकेचे कागद, सगळं ऑनलाइन होतं. मग मृत्युपत्र का नाही?" संगणकावर मृत्युपत्र तयार करायला काहीच हरकत नाही. इंटरनेटवरून मृत्युपत्र करून देणाऱ्या कंपन्याही शेवटी पीडीएफच पाठवतात. ती छापून, दोन साक्षीदारांसमोर शाईने सही केल्यावरच तिचे मृत्युपत्र होते. नुसते बटण दाबून, किंवा पडद्यावर बोटाने सही करून होत नाही.

मूळ कागदाचे महत्त्वही लक्षात घ्या. मृत्युपत्र शेवटी करणाऱ्याच्याच ताब्यात होते आणि मृत्यूनंतर ते सापडले नाही, तर त्याने ते मुद्दाम नष्ट केले असे न्यायालय प्रथम गृहीत धरते. ते गृहीतक खोडता येते, पण त्यासाठी पुरावा लागतो. मुलाला इमेलने पाठवलेली स्कॅन प्रत उपयोगी पडते ती याच कामी. ती मूळ मृत्युपत्राची जागा घेत नाही.

इतर देश पुढे गेले आहेत. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २००१ मध्येच संगणकीय मृत्युपत्राला मान्यता दिली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ती डिसेंबर २०२१ पासून आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या न्यायालयाने २०१७ मध्ये तर फोनमध्ये लिहून ठेवलेला, कधीच न पाठवलेला निरोप मृत्युपत्र म्हणून स्वीकारला. तेथील न्यायाधीशांना औपचारिक अटी पुऱ्या नसल्या तरी माणसाचा हेतू स्पष्ट असल्यास मृत्युपत्र मान्य करण्याचा अधिकार आहे. येथील न्यायाधीशांना १८३७ च्या कायद्याने तो दिलेला नाही.

हे बदलावे असे येथील कायदा आयोगालाही वाटते. १६ मे २०२५ रोजी आयोगाने आपला अंतिम अहवाल आणि नव्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. संगणकीय मृत्युपत्रे मान्य करावीत, पण सही कोणाची, मूळ प्रत कोणती आणि तिच्यात फेरफार झालेला नाही, हे खात्रीने सांगणारी व्यवस्था असावी, अशी एक शिफारस आहे. हेतू स्पष्ट असेल तर तांत्रिक दोष माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा, अशी दुसरी. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणून कोणी अक्षता टाकत नाही!

प्रत्यक्ष हजेरीचा हा हट्ट निव्वळ जुनाटपणाचा आहे असेही मला आता वाटत नाही. कॅमेऱ्यात दिसतो तो चेहरा आणि टेबलाचा तुकडा. त्या खोलीत आणखी कोण बसले आहे, कोण खुणा करत आहे, हे दिसत नाही. वयस्कर माणसावर दडपण आणणारे बहुधा घरातलेच असतात. समोर बसलेल्या शेजाऱ्याला जे जाणवते ते पडद्यावरून जाणवेलच असे नाही.

भारतातील मालमत्ता

आपल्यातील बहुतेकांचे पुण्याला, ठाण्याला किंवा गावी काहीतरी असतेच. भारतातील घर-जमिनीला भारताचाच कायदा लागतो. तेथील १९२५ च्या वारसा कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमानुसारही दोन साक्षीदार लागतात. पण एक महत्त्वाचा फरक आहे. तेथे दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. एकाने आज आणि दुसऱ्याने उद्या, करणाऱ्यासमोर सही केली तरी चालते. ही सवय घेऊन येथे मृत्युपत्र केले तर ते बाद होईल.

भारतात डिजिटल सही आता घरोघरी पोचली आहे, पण २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र स्पष्टपणे वगळलेले आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये परदेशातील साक्षीदाराची जबानी व्हिडिओवरून घेण्यास परवानगी दिली होती. काहीजण त्याचा दाखला देतात. परंतु तो प्रश्न खटल्यातील जबानीचा होता, मृत्युपत्रावरील साक्षीचा नव्हे. तेव्हा पुण्याच्या भाच्याला फोनवर घेऊन साक्षीदार करण्याचा विचार दोन्ही देशांत सोडून द्यावा.

पुष्कळ जण दोन देशांसाठी दोन मृत्युपत्रे करतात आणि ते सोयीचे पडते. फक्त "मी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द करतो" हे छापील वाक्य दुसऱ्यात तसेच राहिले, तर पहिले आपोआप रद्द होते. कोणत्या देशातील मालमत्तेसाठी कोणते मृत्युपत्र, हे दोन्हींत स्पष्ट लिहून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कोविडच्या काळात व्हिडिओवरून केलेले मृत्युपत्र आता रद्द झाले का?* नाही. ते ३१ जानेवारी २०२० ते ३१ जानेवारी २०२४ या काळात, वरील अटी पाळून केलेले असेल तर आजही वैध आहे. कपाटातून काढून तारखा मात्र तपासा. त्यात आता काही बदल करायचा असेल, तर तो प्रत्यक्ष साक्षीदारांसमोरच करावा लागेल.

*साक्षीदाराला मजकूर वाचू द्यावा लागतो का?* मुळीच नाही. साक्षीदार फक्त सही होताना पाहतो. मजकुरावर कोरा कागद ठेवून सहीची जागा उघडी ठेवली तरी पुरते. वहिनींना हे माहीत असते तर त्यांनी शेजाऱ्यांचा संकोच केलाच नसता.

*मुलगा एक्झिक्युटर आणि वारसही असू शकतो का?* हो. फक्त त्याने किंवा त्याच्या पत्नीने साक्षीदार होऊ नये.

*इस्पितळात असताना करता येईल का?* करता येते, पण बऱ्याच इस्पितळांत कर्मचाऱ्यांना साक्षीदार होऊ देत नाहीत. ऐन वेळी दोन परकी माणसे शोधण्याची पाळी येते. हिंडते-फिरते असतानाच करावे.

*मृत्युपत्रानंतर लग्न केले तर?* इंग्लंड-वेल्सच्या १८३७ च्या कायद्यानुसार लग्नाने आधीचे मृत्युपत्र रद्द होते, ते त्या लग्नाचा विचार करूनच लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम काढून टाकावा असेही आयोगाने सुचवले आहे.

सहीच्या दिवशी

दोन साक्षीदार बोलवा. अठरा वर्षांवरील, चांगले दिसणारे (म्हणजे ज्यांची दृष्टी शाबूत आहे असे!), आणि मृत्युपत्रात ज्यांना किंवा ज्यांच्या जोडीदाराला काहीही नाही असे. सगळे एका टेबलाशी बसा. दरवाजाची घंटा वाजली तरी तिघांच्याही सह्या होईपर्यंत कोणी उठू नका. तारीख घाला. साक्षीदारांची नावे व पत्ते सुवाच्य लिहून घ्या. सही झाल्यावर मजकुरात खाडाखोड करू नका. कागदाला दुसरे काही टाचू नका, पिनेची खूण दिसली तरी "येथे आणखी काय जोडले होते?" असा प्रश्न येतो.

पती-पत्नी दोघांची मृत्युपत्रे एकाच दिवशी होत असतील तर कोणता कागद कोणाचा हे दोनदा पाहा. एका इंग्रज दांपत्याने चुकून एकमेकांच्या मृत्युपत्रांवर सह्या केल्या होत्या, आणि ते प्रकरण थेट येथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ मध्ये निकाल त्यांच्या इच्छेप्रमाणे लागला, पण तोवर दोघेही हयात नव्हते. मूळ प्रत सॉलिसिटरकडे किंवा प्रोबेट सेवेकडे ठेवता येते. घरी ठेवलीत तर निदान एक्झिक्युटरला जागा सांगून ठेवा.

शेवटी

त्या व्याख्यानानंतरच्या रविवारी आम्ही एम वनने मिल्टन कीन्स गाठले. मी वहिनींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, मी अजून आहे ना? मग झालं तर." नवे मृत्युपत्र सॉलिसिटरकडून तपासून आणले होते. शेजारचे इंग्रज दांपत्य आले. वहिनींनी दोघांसमोर सही केली, मग त्या दोघांनी केल्या. आम्ही नवरा-बायको आणि वन्सं मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसलो होतो. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. नंतरचा चहा-चिवडा तासभर चालला.

जानेवारी २०२५ मध्ये वहिनी गेल्या. त्यांचे मृत्युपत्र प्रोबेटला गेले आणि कोणताही प्रश्न न येता मंजूर झाले. नागपूरच्या भावाला त्याची रक्कम पोचली. त्याचे दोन ओळींचे पत्रही आले. वन्सं त्याच घरात आहेत. कुड्या माझ्या पत्नीकडे आहेत. यंदाच्या हळदीकुंकवाला तिने त्या घातल्या होत्या.

जून २०२४ मध्ये त्या व्याख्यानाला मी गेलो नसतो तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तारीख तपासली नाही. आपण ती तपासावी एवढ्यासाठी ही कहाणी सांगितली. कपाट उघडा, कागद काढा, शेवटच्या पानावरची तारीख आणि साक्षीदारांची नावे पाहा. मृत्युपत्र केलेलेच नसेल, तर येत्या रविवारी दोन शेजाऱ्यांना चहाला बोलवण्याच्या दृष्टीने तयारीला लागा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक घरची परिस्थिती वेगळी असते. सही करण्यापूर्वी आपल्या सॉलिसिटरचा सल्ला अवश्य घ्यावा.)